प्रीव्हियसचे वर्ष

मॅट्रिकची परीक्षा उतरून कॉलेजात दाखल झालेल्या विद्यार्थ्याच्या पहिल्या वर्षाला मुंबई विद्यापीठाच्या हद्दीत दीर्घकाळ ‘प्रीव्हियस’ म्हणत, आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील मराठी चरित्रे-आत्मचरित्रे वाचताना हा शब्द इतक्या वेळा भेटतो, की तो इंग्रजी आहे याचाही वाचकाला विसर पडावा. वर्षाअखेरीस द्यावयाच्या परीक्षेचे हे नाव होते; केंब्रिजमध्येही पदवीच्या आधीची एक परीक्षा याच नावाने ओळखली जाई. परीक्षेचे नाव वर्गाला आणि वर्गाचे नाव त्यात बसणाऱ्या विद्यार्थ्याला चिकटले, त्यामुळे ‘तो प्रीव्हियसला आहे’ एवढे म्हटले की ऐकणाऱ्याला त्याचे वय, त्याची पुस्तके आणि बहुधा त्याची आर्थिक ओढाताणही कळत असे. महाराष्ट्रातील कॉलेजच्या पहिल्या वर्षाचा इतिहास पाहू गेल्यास मुख्यतः या उंबरठ्याच्या जागा बदलण्याचा इतिहास हाती लागतो, कारण शाळा कोठे संपते आणि कॉलेज कोठे सुरू होते याचे उत्तर येथे तीन-चार वेळा नव्याने ठरवले गेले आणि प्रत्येक वेळी नवखा विद्यार्थी वेगळ्या वयाचा, वेगळ्या घरचा व वेगळ्या तयारीचा निघाला.

जुलै १८५७ मध्ये स्थापन झालेले मुंबई विद्यापीठ लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर बेतलेले होते. ते स्वतः शिकवीत नसे, परीक्षा घेऊन पदव्या देत असे; शिकवण्याचे काम मुंबईचे एल्फिन्स्टन कॉलेज, पुण्याचे पूना कॉलेज अशा संलग्न संस्थांकडे होते. १८५९ मध्ये झालेल्या पहिल्या मॅट्रिक परीक्षेला १३२ उमेदवार बसले आणि २२ उत्तीर्ण झाले, म्हणजे विद्यापीठाच्या पहिल्यावहिल्या ‘नवख्यां’चा संपूर्ण वर्ग आजच्या एखाद्या कनिष्ठ महाविद्यालयाच्या दोन बाकांच्या रांगांत मावला असता. याच पिढीतून महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, वामन आबाजी मोडक आणि बाळ मंगेश वागळे हे चौघे १८६२ मध्ये पहिले बी. ए. झाले. आरंभी मॅट्रिकनंतर दोन वर्षांनी कला शाखेची पहिली परीक्षा होत असल्यामुळे पहिले वर्ष तसे मोकळे जाई. पुढे पहिल्याच वर्षाच्या शेवटी प्रीव्हियस ठेवली गेली आणि हे मोकळेपण संपले.

त्या काळाचे शैक्षणिक वर्ष आजच्याप्रमाणे जूनमध्ये सुरू होत नसे. मॅट्रिकची परीक्षा वर्षाच्या अखेरीस होऊन विद्यार्थी जानेवारीत कॉलेजात येत; मोहनदास गांधी १८८७ च्या अखेरीस मॅट्रिक झाले आणि १८८८ च्या आरंभी भावनगरच्या सामळदास कॉलेजात गेले, तर विनायक दामोदर सावरकर १९०२ च्या जानेवारीत फर्ग्युसनमध्ये आले. छत्री, चिखल आणि नवी वही अशी कॉलेजच्या पहिल्या दिवसाची जी प्रतिमा मराठी कथा-चित्रपटांतून रूढ झाली आहे, ती त्या मानाने अलीकडची. रानड्यांच्या किंवा आगरकरांच्या काळी हा दिवस थंडीतला होता. वर्षाचे दोन भाग असत व त्यांना ‘टर्म’ म्हणत. प्रत्येक टर्ममध्ये ठरावीक दिवस हजर राहणे म्हणजे ‘टर्म भरणे’, आणि टर्म भरली नाही तर परीक्षेला बसता येत नसे. ऑक्सफर्ड-केंब्रिजमध्ये टर्म भरणे म्हणजे तेथे प्रत्यक्ष वस्ती करणे असा अर्थ होता. इकडे तो हजेरीपटावरील खुणांपुरता आक्रसला, आणि मित्राच्या नावाने ‘हजर’ म्हणण्याची, म्हणजे प्रॉक्सी लावण्याची, कला त्या हजेरीपटाच्याच सावलीत वाढली.

या वर्षाची खरी कसोटी भाषेची होती. मॅट्रिकपर्यंतचे इंग्रजी व्याकरण, भाषांतर आणि पाठांतर यांच्या आधाराने निभावत असे, पण कॉलेजात इंग्रज प्राध्यापक तासभर अखंड बोलत आणि फळ्यावर फारसे काही लिहीत नसत. गांधींनी आपल्या आत्मकथेत कबूल केले आहे, की सामळदासमध्ये व्याख्याने त्यांना समजतच नव्हती, आणि तो दोष त्यांनी प्राध्यापकांना न देता स्वतःच्या कच्चेपणाला दिला. पहिली टर्म संपताच ते घरी परतले व त्यानंतर काही महिन्यांतच विलायतेस गेले. प्राध्यापकांकडे त्यांनी दाखवलेली ही उदारता मात्र तपासून घेण्याजोगी आहे, कारण सतरा-अठरा वर्षांच्या मुलाला परभाषेत, कोणतीही पूर्वतयारी न देता, एकदम भूमिती आणि इतिहास ऐकवणाऱ्या पद्धतीत दोष केवळ ऐकणाऱ्याचा असू शकत नाही. त्यातच १८६० च्या दशकात विद्यापीठाने मॅट्रिकच्या वरच्या परीक्षांत दुसरी भाषा म्हणून संस्कृत, लॅटिन, फारसी अशा अभिजात भाषांनाच स्थान दिले, आणि मराठी मुलाची मराठी कॉलेजच्या दाराबाहेर राहिली. रानड्यांनी ती परत आणण्यासाठी वर्षानुवर्षे खटपट केली, पण एम. ए. ला मराठीचा प्रवेश झाला तो १९०१ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर. गणित हा दुसरा अडसर. हरि नारायण आपट्यांसारखा वाचनाने समृद्ध विद्यार्थी डेक्कन आणि फर्ग्युसन ही दोन्ही कॉलेजे पाहूनही गणितापायी पदवीपर्यंत पोहोचला नाही.

या अडचणीत नवख्या मुलाला थोडाफार हात मिळे तो ‘फेलों’चा. पेशवे श्रावण महिन्यात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटत असत. इंग्रजी अमलात या दक्षिणा फंडाचा काही भाग शिक्षणाकडे वळवण्यात आला आणि त्यातून हुशार विद्यार्थ्यांना ‘दक्षिणा फेलो’ म्हणून वेतन देऊन त्यांच्याकडून खालच्या वर्गांना शिकवून घेण्याची पद्धत पडली. स्वतः रानडे असे फेलो होते. पेशव्यांच्या धर्मादायाचे पैसे अशा रीतीने युक्लिडच्या भूमितीपर्यंत येऊन पोहोचले, हा त्या शतकाच्या संक्रमणाचा एक बोलका नमुना म्हणता येईल.

राहण्याची व्यवस्था म्हणून विचार करायचा तर पुण्याचे डेक्कन कॉलेज वेगळे ठरते. विश्रामबाग वाड्यात १८२१ मध्ये सुरू झालेल्या संस्कृत पाठशाळेतून वाढत गेलेली ही संस्था १८६४ मध्ये डेक्कन कॉलेज झाली आणि जमशेटजी जिजीभाईंच्या देणगीच्या आधाराने येरवड्याच्या बाजूला, मुळा-मुठेच्या पलीकडे, गावापासून लांब तिची दगडी गॉथिक इमारत उभी राहिली. शहरातील पेठ, वाडा आणि नातेवाईक सुटून मुलगा प्रथमच समवयस्कांच्या सहवासात राहू लागला तो येथे. बाळ गंगाधर टिळक १८७३ मध्ये येथे आले तेव्हा अंगाने किरकोळ होते. त्यांनी पहिले वर्ष जवळजवळ संपूर्णपणे तालीम, कुस्ती, पोहणे आणि नदीत होडी वल्हवणे यांत घालवले, परिणामी प्रकृती सुधारली आणि परीक्षा बुडाली. टिळकांच्या चरित्रकारांनी हे वर्ष दूरदृष्टीने केलेल्या गुंतवणुकीसारखे रंगवले आहे, परंतु पहिल्याच वर्षी पुस्तके मिटून ठेवणारा हा विद्यार्थी त्या काळच्या पालकांना आदर्श वाटला असेल, असे मानण्यास फारसे कारण नाही.

ज्यांच्या घरून पैसे येत नसत, त्यांच्यासाठी प्रश्न तालमीचा नव्हता, दोन वेळच्या जेवणाचा होता. पुण्यात गरीब ब्राह्मण विद्यार्थी ‘वार लावून’ जेवत, म्हणजे आठवड्यातील प्रत्येक वारी एकेका घरी जेवण्याचे ठरवून घेत. काही जण माधुकरी मागत, म्हणजे झोळी घेऊन घरोघर शिजवलेले अन्न गोळा करीत. एखादे घर गावाला गेले की तो वार रिकामा पडे आणि त्या दिवशी उपास घडे. गोपाळ गणेश आगरकर अकोल्याहून डेक्कन कॉलेजात आले ते अशाच हलाखीत. अंगातला एकुलता सदरा रात्री धुऊन सकाळी तोच घालण्याची त्यांची हकीकत मराठी वाचकांना शाळेपासून ठाऊक आहे. थोडी ऐपत असलेली मुले मिळून आचारी ठेवीत आणि खर्च वाटून घेत. या सामायिक स्वयंपाकाला ‘क्लब’ म्हणत. क्लबात कोणाची पंगत कोणाशेजारी बसणार हे जातीवरून ठरत असे, त्यामुळे वर्गात शेजारी बसून तत्त्वज्ञ मिलचे ग्रंथ वाचणारे दोघे जेवणाच्या वेळी दोन भिंतींआड जात.

हा उंबरठा सर्वांसाठी सारखा उंच नव्हता. विद्यापीठाची दारे स्त्रियांना उघडली ती १८८० च्या दशकात, आणि डेक्कन कॉलेजातील पहिली विद्यार्थिनी कॉर्नेलिया सोराबजी यांच्या तोंडावर वर्गाची दारे लावून घेण्यापर्यंत तेथील मुलांची मजल गेली; त्या तरीही प्रथम वर्गात पदवीधर झाल्या. भीमराव आंबेडकर १९०७ मध्ये मॅट्रिक होऊन एल्फिन्स्टन कॉलेजात गेले, परळच्या चाळीतील दाटीवाटीत त्यांनी अभ्यास केला, आणि सयाजीराव गायकवाडांनी दिलेल्या दरमहा २५ रुपयांच्या शिष्यवृत्तीमुळे त्यांचे शिक्षण पुढे चालू राहिले. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग उभारण्यास चालना दिली आणि त्यापाठोपाठ जैन, लिंगायत, मुस्लिम, अस्पृश्य अशा निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे काढवली. जातवार वसतिगृहे काढून जातिभेद वाढतो, असा आक्षेप तेव्हापासून घेतला जातो. पण ज्याला शहरात कोणी खोली देत नव्हते, त्याच्या दृष्टीने ‘बोर्डिंग’ हीच कॉलेजची पहिली पायरी होती.

स्वातंत्र्याच्या आसपास ही पायरी खेड्यांच्या दिशेने सरकली. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढले व नोकरी करणाऱ्यांना सकाळच्या वर्गांची सोय दिली. १९५० मध्ये औरंगाबादला सुरू झालेले तिचे कॉलेज पुढे ‘मिलिंद’ या नावाने मराठवाड्यातील दलित तरुणांचे माहेर बनले. साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेने १९४७ मध्ये कॉलेज उघडून ‘कमवा आणि शिका’ हे तत्त्व तेथे रुजवले, ज्यात विद्यार्थी श्रम करून आपला खर्च भागवीत असे. यानंतर आली ती ईबीसी, म्हणजे आर्थिकदृष्ट्या मागास कुटुंबांना फी माफ करणारी सवलत. यशवंतराव चव्हाणांच्या मुख्यमंत्रिपदाच्या काळातील या निर्णयाने शेतकऱ्याच्या पहिल्या शिकणाऱ्या मुलाला कॉलेजच्या कार्यालयात उभे राहण्याचा अधिकार दिला, आणि तलाठ्याचा उत्पन्नाचा दाखला हा प्रवेशाच्या फाइलीतला सर्वात जपून ठेवण्याचा कागद ठरला. पुण्यात १९५५ मध्ये स्थापन झालेल्या विद्यार्थी सहाय्यक समितीसारख्या संस्थांनी अशा मुलांच्या निवासाचा भार उचलला. ज्यांना तेथे जागा मिळत नसे ते ‘कॉट बेसिस’वर राहत, भाडे खोलीचे नसून एका खाटेचे असे, आणि ट्रंक त्या खाटेखाली मावली पाहिजे ही अट न सांगता समजे. वाराच्या जेवणाची जागा मेसने घेतली होती. रविवारी दुपारी फीस्ट, म्हणजे गोडाचे जेवण, आणि त्याच रात्री मेस बंद, हा पुण्याच्या मेसचा शिरस्ता पहिल्याच आठवड्यात नवख्याच्या पोटाला कळत असे.

दरम्यान नावे बदलत राहिली. प्रीव्हियसचे ‘फर्स्ट इयर’, म्हणजे बोलीत ‘एफ. वाय.’ झाले, त्यानंतर ‘इंटर’ येई. मॅट्रिकची जागा १९४९ पासून एस. एस. सी. ने घेतली, पुढे पहिल्या वर्षाला ‘पी. डी.’, म्हणजे ‘प्री-डिग्री’, असे नाव पडले. मोठा फेरबदल झाला तो १९७५ मध्ये. दहा अधिक दोन अधिक तीन या आकृतिबंधानुसार शाळा दहावीला संपली, अकरावी-बारावीचे ‘कनिष्ठ महाविद्यालय’ झाले आणि बारावीची पहिली परीक्षा १९७७ मध्ये घेण्यात आली. या सुधारणेचे हिशेब बहुधा अभ्यासक्रमाच्या अंगाने मांडले जातात. तिने कॉलेजचे पहिले वर्ष दुभंगले, ही गोष्ट मात्र दुर्लक्षित राहिली. गणवेश सुटण्याचा, लेक्चर बुडवण्याचा आणि कॅन्टीनचा अनुभव पंधराव्या-सोळाव्या वर्षी अकरावीला मिळू लागला, पण ते वर्ष दहावी आणि बारावी या दोन बोर्डांच्या मध्ये सापडल्याने विद्यार्थ्यांनीच त्याला ‘रेस्ट इयर’ ठरवले. उलट पदवीचे खरे पहिले वर्ष आले तेव्हा त्यातील नवलाई आधीच खर्च झाली होती. प्रीव्हियसच्या विद्यार्थ्याला एकदाच नवखे व्हावे लागे. आजच्याला दोनदा व्हावे लागते, आणि दोन्ही वेळा अर्धेच.

नवख्याला सामावून घेण्याच्या रीतींतही भलेबुरे दोन्ही होते. स्नेहसंमेलनात, म्हणजे गॅदरिंगमध्ये, ‘फिशपाँड’ पडत: कोणाच्या नावाने कोणीही निनावी चिठ्ठी लिहून पेटीत टाकावी आणि ती सर्वांसमक्ष वाचली जावी. ज्याला वर्षभर कोणी ओळखत नव्हते, त्याला अशा एका चिठ्ठीने टोपणनाव आणि अस्तित्व दोन्ही मिळे. मुलींच्या वाट्याला मात्र त्यातून बोचरेपणच अधिक आले. वसतिगृहांतील रॅगिंगला अशी खेळकर सबब कधीच लागू नव्हती. वैद्यकीय व अभियांत्रिकी वसतिगृहांत ते छळापर्यंत गेल्यावर महाराष्ट्राने १९९९ मध्ये त्यास मनाई करणारा कायदा केला, ज्यात दोन वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद आहे.

जुन्या व्यवस्थेचा एक शब्द मात्र या सर्व उलथापालथींतून टिकला आहे. एखाद्या विषयात नापास होऊनही पुढच्या वर्गात बसण्याची मुभा मिळालेला विद्यार्थी आज ‘एटीकेटी लागली’ असे म्हणतो. त्या अक्षरांचा विस्तार ‘अलाउड टू कीप टर्म्स’ असा असून त्यातील ‘टर्म’ ही रानड्यांच्या काळी भरली जाणारीच टर्म होय. पहिल्या वर्षाचे स्थान मात्र अजूनही बदलत आहे: २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार पदवीच्या पहिल्याच वर्षानंतर बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्यालाही आवश्यक श्रेयांक पूर्ण केल्यास प्रमाणपत्र मिळते.