बाइक टॅक्सी: बंदीपासून परवानगीपर्यंत नियम बदलतो कसा?

कसबा पेठ मेट्रो स्टेशनमधून बाहेर पडलं की पुढे अरुंद गल्ल्या. तिथून घरापर्यंत जायला बाइक टॅक्सी सोयीची वाटते. पण ॲपवर गाडी दिसते म्हणजे ती कायदेशीर आहे, असं नाही. ते कोण ठरवतं? पुण्याच्याच उदाहरणावरून बघू.

नियम कोण करतं?

- केंद्र सरकार: मोटार वाहन कायदा, १९८८. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम ९३ नुसार ॲप कंपन्यांना, म्हणजे ॲग्रिगेटरना, लायसन्स लागतं.
- राज्य सरकार: कायद्याखालचे नियम आणि धोरण.
- प्रादेशिक परिवहन प्राधिकरण: आलेले अर्ज तपासणं.

पुण्यात काय झालं?

२८ नोव्हेंबर २०२२ ला रिक्षाचालकांनी बाइक टॅक्सीविरोधात बंद पुकारला. डिसेंबरमध्ये पुण्याच्या प्राधिकरणाने रॅपिडोचा अर्ज फेटाळला. प्रकरण मुंबई हायकोर्टात गेलं आणि १३ जानेवारी २०२३ ला कंपनीला सेवा थांबवावी लागली. १९ जानेवारीला राज्याने खासगी गाड्या ॲपवरून प्रवासी नेण्यासाठी वापरायला मनाई केली. ७ फेब्रुवारीला सुप्रीम कोर्टानेही दिलासा दिला नाही.

मग वाट कशी निघाली?

राज्याने स्वतःचे नियम केले तेव्हा. १ एप्रिल २०२५ ला मंत्रिमंडळाने मंजुरी दिली, मग मसुदा आला आणि जुलैमध्ये नियम लागू झाले. एक लाखापेक्षा जास्त लोकसंख्येची शहरं, फक्त इलेक्ट्रिक बाइक, पिवळा रंग आणि एका फेरीला जास्तीत जास्त १५ किलोमीटर, अशा त्यातल्या मुख्य अटी.

यात तुमचं काय?

कलम २१२ नुसार नियम पक्के करण्याआधी मसुदा प्रसिद्ध करावाच लागतो. त्यावर ठरलेल्या मुदतीत कुणीही हरकत किंवा सूचना पाठवू शकतं. भाडं, हेल्मेट, महिलांची सुरक्षितता याबद्दल बोलायची खरी वेळ तीच. नियम लागू झाल्यावर तो बदलून घेणं फार अवघड जातं.

बसण्याआधी नंबर प्लेट बघा

- हिरवी प्लेट, पिवळी अक्षरं: व्यावसायिक इलेक्ट्रिक गाडी.
- हिरवी प्लेट, पांढरी अक्षरं: खासगी इलेक्ट्रिक गाडी.
- पांढरी प्लेट, काळी अक्षरं: खासगी पेट्रोल गाडी.

खासगी गाडीचा विमा भाड्याच्या प्रवासासाठी नसतो. अपघात झालाच, तर भरपाईवरून वाद होऊ शकतो. म्हणून दोन सेकंद थांबा, प्लेट बघा आणि मगच बसा.