पाहुण्या झाडांचा हिवाळा

वसुबारसेच्या संध्याकाळी इंग्लंडातून माझ्या पुतणीचा फोन आला. लेस्टरजवळच्या एका गावी ती आता बरीच वर्षे राहते आहे. चकल्या बिघडल्या की जमल्या, आकाशकंदील लागला की नाही, अशी सगळी चौकशी झाल्यावर मी जरा फुशारकीनेच सांगितले, की आमच्या गच्चीवरच्या शेवंतीला यंदा कळ्या मावत नाहीत आणि डेलियाने चांगली हातभर उंची धरली आहे. ती हसली आणि म्हणाली, "काका, गंमत बघा. तुमचा डेलिया आता कुठे उभा राहतोय आणि मी माझा आजच खणून काढला. रात्री दव गोठलं आणि सकाळी सगळी पानं काळी ठिक्कर. आता कंद वाळवून, कोरड्या वाळूत घालून ठेवायचे. बागेला निजवायची वेळ झाली." मग क्षणभर थांबून ती हळूच म्हणाली, "कढीलिंब मात्र स्वयंपाकघरात आणलाय. गेल्या वर्षीचा गेला, काका. इतका जपला होता, तरी गेला. हा तरी जगवायचाच."

फोन खाली ठेवला, पण 'इतका जपला होता, तरी गेला' हे शब्द मनात घोळत राहिले. इतिहासाची पुस्तके चाळण्याचा मला जुना नाद आहे. हेच दुःख साडेतीनशे वर्षांमागे एका इंग्रज गृहस्थाने लिहून ठेवले आहे, हे मला आठवले. तीच हकीकत आज दिवाळीच्या निमित्ताने वाचकांपुढे ठेवतो.

आधी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. इंग्लंडातल्या ओक वृक्षाला हिवाळ्याच्या तयारीसाठी माणसाची गरज नसते. दिवस लहान होऊ लागले की तो आपला आपण सावध होतो, वाढ थांबवतो, पाने गाळतो आणि कोवळे अंग निबर करून घेतो. अडचण होते ती पाहुण्यांची. जी झाडे माणसाने उष्ण मुलखांतून हौसेने नेली, त्यांना ही विद्या येत नाही. आपण म्हणतो थंडीने झाड मेले. पण घात करते ते झाडातले पाणीच. कडाक्याच्या रात्री पानांतल्या पेशींच्या मधल्या फटींत बर्फ धरतो, तो पेशींतले पाणी ओढून घेतो, पेशी सुकते आणि तिचे आवरण फाटते. उन्हे वर आली की पान काळे पडून लोंबू लागते. तेव्हा बाग निजवायची म्हणजे मुख्यतः या परक्या मुलखातल्या पाहुण्यांना पांघरूण घालायचे.

अशा पाहुण्यांत पहिल्या मानाचे कोण, तर नारिंग. आपल्या संस्कृतातले 'नारंग' इराणात 'नारंग'च राहिले, अरबांकडे त्याचे 'नारंज' झाले, स्पेनमध्ये 'नारान्हा' झाले आणि इंग्लंडात पोचेपर्यंत त्याचे 'ऑरेंज' होऊन बसले. नावाबरोबर झाडही पश्चिमेकडे सरकत गेले. इंग्लंडातली पहिली नारिंगबाग सरे परगण्यातल्या बेडिंग्टन येथे सर फ्रान्सिस कॅर्यू याने सोळाव्या शतकात केली, असे मानतात. ही झाडे जमिनीतच लावलेली होती. हिवाळा आला की त्यांच्याभोवती लाकडी घर उभारायचे, आत शेगड्या पेटवायच्या आणि वसंत आला की घर मोडून ठेवायचे! आपल्याकडे लग्नाचा मांडव घालतात आणि काढतात तसा हा दरवर्षीचा झाडांचा मांडव. दीडशेहून अधिक वर्षे ही बाग जगली आणि १७३९-४० च्या भयंकर हिवाळ्यात संपली.

फ्रान्सच्या चौदाव्या लुईला असला मोडता-घालता मांडव कसा पुरणार? १६८४ ते १६८६ या काळात मान्सार या वास्तुशिल्पज्ञाने व्हर्सायला नारिंगांसाठी दगडी महालच बांधला. त्याचे मुख्य दालन दीडशे मीटरहून लांब, छत कमानदार, भिंती जाडजूड आणि खिडक्या दक्षिणेला. तिथे शेगडीवाचूनही पाणी गोठत नाही. झाडे लाकडी पेट्यांत लावलेली. ती मे महिन्यात अंगणात येतात आणि ऑक्टोबरात आत जातात. हा क्रम आजही चालू आहे.

पण राजाच्या पदरी माळ्यांची फौज असते. घरच्या बागेची काळजी स्वतः वाहणाऱ्या माणसाची कथा निराळी. आमचे नायक जॉन एव्हलिन यांचा जन्म १६२० चा. रॉयल सोसायटीच्या संस्थापकांपैकी ते एक. रोजनिशी लिहिणारे म्हणून त्यांचे नाव मोठे, पण जीव सारा बागेत. लंडनजवळ डेप्टफर्ड येथे थेम्सच्या काठी 'सेज कोर्ट' नावाच्या घरी १६५२ पासून त्यांनी बाग फुलवली. १६६४ मध्ये त्यांनी बागाइताचे एक पंचांगच छापले. कोणत्या महिन्यात काय पेरावे, काय छाटावे, कोणते झाड केव्हा आत न्यावे, हे सारे त्यात महिनेवार दिलेले आहे. कडाका किती आहे हे ओळखायची त्यांची युक्ती तर आपल्या आजीने सांगावी इतकी साधी आहे. झाडांच्या खोलीत एका ताटलीत पाणी ठेवा. ते गोठू लागले की कोळसे पेटवा.

अशा जाणत्या माणसाच्या बागेवर १६८३-८४ चा हिवाळा कोसळला. थेम्स नदी अशी गोठली, की तिच्यावर दुकानांचे रस्ते उभे राहिले आणि घोडागाड्या धावू लागल्या. एका छापखानेवाल्याने तर बर्फावर यंत्र मांडून लोकांना त्यांची नावे छापून देण्याचा धंदा केला. गावात अशी जत्रा भरलेली, आणि एव्हलिन आपल्या रोजनिशीत लिहितात, की हवा इतकी जड झाली आहे की दगडी कोळशाचा धूर वर चढत नाही आणि माणसांना श्वास घेणे कठीण झाले आहे.

फेब्रुवारीच्या ४ तारखेला ते बाग पाहायला गेले. कितीतरी दुर्मिळ झाडे साफ गेली होती. नारिंगे आणि मर्टल आजारी, रोझमेरी आणि लॉरेल वरून पाहता मेल्यासारखी. सायप्रस तेवढा तगेल अशी आशा. बत्तीस वर्षांची बाग! एप्रिलमध्ये त्यांनी रॉयल सोसायटीला या नुकसानीचा तपशील कळवला आणि तो सोसायटीच्या नियतकालिकात छापलाही गेला. त्या रुक्ष यादीत मधेच एक कासव येते. हे कासव दर हिवाळ्याला स्वतःला जमिनीत पुरून घेई, म्हणून एव्हलिन त्याला अर्धे झाडच समजत. त्या वर्षी खाली जाताना त्याला द्राक्षवेलीचे मूळ आडवे आले, नेहमीइतके खोल जाता आले नाही, आणि इतके हिवाळे पचवलेले ते कासव मेलेले सापडले. शास्त्रज्ञांच्या सभेला धाडलेल्या पत्रात हा माणूस आपल्या कासवाचे मरण नोंदवतो, हे वाचून मला तो फार जवळचा वाटू लागला.

पण एव्हलिन नुसते हळहळत बसले नाहीत. पुढच्याच वर्षी, १६८५ च्या ऑगस्टात, ते चेल्सीच्या औषधी वनस्पतींच्या बागेत गेले. जिच्या सालीपासून हिवतापाचे औषध होते ती सिंकोना तिथे त्यांनी पाहिली. पण त्यांचे लक्ष वेधले ते शेगडीने. तिथल्या वॉट्स नावाच्या माळ्याने झाडांच्या खोलीखाली विटांच्या पोकळीतून ऊब खेळवली होती. त्यामुळे ऐन कडाक्यातही दारे-खिडक्या उघडी ठेवता येत. फक्त बर्फ आत येऊ द्यायचा नाही.

यातून एव्हलिनना उमगले, की झाडे थंडीने मरत होती तशी मायेनेही मरत होती. हिवाळा आला की लोक दारे-खिडक्या लावून घेत, फटी बुजवत आणि आत कोळशाच्या शेगड्या ठेवत. ऊब मिळे, पण धूर कोंडे, हवा शिळी होई आणि थंडीतून वाचलेले झाड त्या कोंदट उबेत मान टाकी. १६६१ मध्येच लंडनच्या धुराविरुद्ध पुस्तिका लिहिणाऱ्या माणसाला हे दिसावे यात नवल नाही. १६९१ मध्ये आपल्या पंचांगाच्या नव्या आवृत्तीत त्यांनी हिरव्या झाडांच्या घराचा नवा आराखडा दिला. त्यात भट्टी घराबाहेर. ताजी हवा नळ्यांतून तापून आत यायची आणि आतली वापरलेली हवा जमिनीखालच्या वाटेने भट्टीकडेच ओढली जायची. ताटलीतल्या पाण्याच्या जोडीला आता उष्णतामापकही आला. झाडाला ऊब हवी, पण त्याआधी मोकळा श्वास हवा, हा त्या आराखड्याचा अर्थ.

पुढची कथा काचेची. त्या काळच्या 'ग्रीनहाऊस'ला भिंती विटांच्या, छप्पर पक्के आणि खिडक्या काय त्या दक्षिणेला. ब्रिटनमध्ये अठराव्या शतकाच्या मध्यापासून काचेवर वजनाप्रमाणे कर होता. तो १८४५ मध्ये उठला, खिडक्यांवरचा जुना करही १८५१ मध्ये गेला, आणि काच मध्यमवर्गीयांच्या आवाक्यात आली. त्याच १८५१ साली लंडनला जो प्रचंड स्फटिकमहाल उभा राहिला, त्याचा रचनाकार जोसेफ पॅक्स्टन मूळचा माळीच होता.

ज्यांना काचघर परवडत नव्हते, त्यांनी तळघरे आणि खिडक्यांच्या फळ्या वापरल्या. दक्षिण आफ्रिकेतून आलेल्या जिरॅनियमची रोपे उपटून, मुळांची माती झटकून, तळघराच्या आढ्याला उलटी टांगून ठेवत. वसंतात ती पुन्हा मातीत लावली की फुटत. मेक्सिकोचा डेलिया अठराव्या शतकाच्या अखेरीस माद्रिदच्या बागेत फुलला आणि तिथून युरोपभर गेला. त्याच्या कंदांना थंड, कोरडी, अंधारी जागा मिळाली की पुरे. राजाने ज्यासाठी महाल बांधला, ते काम गरिबाच्या घरी वाळूच्या खोक्याने केले.

आजचा माळी आणखी एक पाऊल मागे सरकला आहे. पूर्वी हिवाळ्याआधी बाग झाडून लख्ख करीत. आता जाणकार सांगतात की गळलेली पाने वाफ्यात राहू द्या, वाळलेली बोंडे लगेच कापू नका. त्यांत कीटक हिवाळा काढतात आणि पाखरांना दाणे मिळतात. शरदात भरमसाट खत घालू नका, कारण त्याने फुटलेले कोवळे कोंब पहिल्याच गारठ्यात करपतात.

आपल्याकडे हा प्रसंग सहसा येत नाही. दिवाळी म्हणजे आपल्या बागांचा वसंतच. गुलाबाची छाटणी नुकतीच झालेली असते आणि झेंडू दारावर चढलेला असतो. तरी निफाडकडे एखाद्या रात्री पारा घसरला की द्राक्षबागांतून शेकोट्या पेटतात. बेडिंग्टनच्या माळ्याला ती धग ओळखीची वाटली असती.

हे सारे आठवून दुसऱ्या दिवशी मीच पुतणीला फोन लावला. म्हटले, "अगं, गेल्या वर्षी कढीलिंब कुठे ठेवला होतास?" ती म्हणाली, "रेडिएटरच्या अगदी वर, काका. रोज सकाळी पाणी घालायचे, वर प्लॅस्टिकची पिशवीही घातली होती." मी तिला एव्हलिनची गोष्ट सांगितली. सांगितले, की कढीलिंब आणि नारिंग ही एकाच कुळातली भावंडे. थोरल्या भावाने जे सोसले ते धाकट्याला चुकवता येईल. उजेडाच्या खिडकीशी ठेव, तापलेल्या हवेपासून दूर ठेव, पिशवी काढून टाक आणि माती वरून पुरती सुकल्याशिवाय पाणी घालू नकोस. हिवाळ्यात तो पाने गाळील, गाळू दे. तो मेला नाही, निजला आहे. वसंत येईपर्यंत त्याला टाकून देऊ नकोस.

भाऊबीजेच्या दिवशी तिने एक छायाचित्र पाठवले. खिडकीबाहेर करडे आभाळ, आत कुंडीत कढीलिंब आणि मातीवर पडलेली दोन पिवळी पाने. खाली लिहिले होते, "काका, हात फार शिवशिवतात, पण आज पाणी घातलं नाही."