सेतूच्या वाटेवरील मनोरा

परप्रांती नोकरी करणाऱ्या मराठी माणसाला एक खोड हटकून जडते. अनोळखी मुलखातून जाताना दुकानांच्या पाट्या, गावांची नावे आणि सहप्रवाशांचे बोलणे यांत तो आपल्या भाषेचा एखादा शब्द शोधीत असतो. आणि तो सापडला की वाटेत गावाकडचा माणूस भेटल्याचा आनंद त्यास होतो. तिरुचिरापल्लीस बदली झाल्यापासून ही खोड आम्हांसही जडली आहे. म्हणूनच कचेरीतील एका तमिळ स्नेह्याने, "दोन दिवसांची विश्रांती हवी ना? मग उटकमंडची गर्दी कशाला? आमच्या पट्टुकोट्टैकडे जा. नारळीच्या बागा आहेत, शांत समुद्र आहे, आणि 'मनोरा' आहे," असे सुचविले, तेव्हा आमचे कान टवकारले. मनोरा! मूळच्या मिनाराचा मनोरा मराठीने केला. हा आपल्या घरातला शब्द त्या दूरच्या किनाऱ्यावर काय करीत असावा?

शनिवारी पहाटे आम्ही उभयता निघालो. बरोबर एक पिशवी, त्यात दशम्या, लसणीची चटणी आणि पाण्याची बाटली. "या खेपेला ताम्रपट, शिलालेख काही नको हं, दोन दिवस नुसते बसायचे," असे सौभाग्यवतीने बजावले होते, आणि आम्हीही ते मान्य केले होते. परंतु वाट तंजावरावरून जाते, आणि तंजावरावरून जाणाऱ्या मराठी माणसाने इतिहास विसरून जावे हे कसे घडावे?

शहाजीराजांचे पुत्र आणि शिवछत्रपतींचे सावत्र बंधू एकोजी ऊर्फ व्यंकोजी यांनी १६७६ च्या सुमारास तंजावरास आपली गादी स्थापिली. १८५५ मध्ये दुसरे शिवाजी पुत्राविना वारले आणि कंपनी सरकारने ती गादी संपविली. या पावणेदोनशे वर्षांतील सर्वांत विद्वान राजा म्हणजे दुसरे सरफोजी. त्यांचा जन्म १७७७ चा. तुळजाजीराजांनी १७८७ मध्ये, मृत्यूच्या किंचित आधी, त्यांस दत्तक घेतले. पण गादीवर अमरसिंह बसले. बाल सरफोजींचे पालकत्व श्वार्ट्झ नावाच्या जर्मन पाद्र्याकडे होते. अकरा वर्षांनी, १७९८ मध्ये, कंपनीच्या पाठबळाने त्यांस गादी मिळाली. आणि पुढल्याच वर्षी कंपनीने या पाठबळाची किंमत वसूल केली. १७९९ च्या तहान्वये राज्याचा कारभार कंपनीकडे गेला. राजाकडे राहिला तंजावरचा किल्ला व त्याचा परिसर, वर्षास एक लक्ष होनांची नेमणूक आणि निव्वळ वसुलाचा पाचवा हिस्सा. राजाचे वय त्या वेळी बावीस वर्षांचे होते. पुढली तेहेतीस वर्षे, १८३२ पर्यंत, हा मनुष्य राज्यावाचून राजा होता.

तंजावरास गाडी बदलून आम्ही दक्षिणेची वाट धरली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंस भाताची खाचरे, मधूनच केळीची बाग. ही वाट साधी नव्हे. रामेश्वराला, म्हणजे सेतूला जाणाऱ्या यात्रेकरूंची ही जुनी वाट. तंजावरच्या राजांनी या वाटेवर ठिकठिकाणी छत्रे, म्हणजे अन्नछत्रासह धर्मशाळा, बांधली. तंजावरापासून वीस-बावीस किलोमीटरांवर ओरत्तनाडू लागते. तेथे सरफोजींनी बांधलेले मुक्ताम्बाळ छत्र आहे. मुक्ताम्बाळ ही राजाची राणी नव्हे. ती त्याची प्रीतिपात्र स्त्री. अखेरच्या घटकेस तिने, आपल्या नावे एक छत्र बांधावे, एवढेच मागितले, असे सांगतात. १८०२ च्या सुमारास ते उभे राहिले. त्याच वर्षाच्या अखेरीस तिकडे वसईत दुसऱ्या बाजीरावाने तैनाती फौजेच्या तहावर सही केली, हे येथे ध्यानी येते आणि मन क्षणभर थबकते.

छत्राचा दर्शनी भाग रथाच्या आकाराचा आहे. इमारतीची कळा गेली आहे. पण खांबांची रांग आणि लाकडावरचे कोरीव काम अजून डोळ्यांत भरते. सौभाग्यवती एका खांबाला टेकून बसली. आम्ही दिलेले वचन मोडून तिला एका पत्राची हकीगत सांगू लागलो.

ते पत्र सरफोजींनी १८०१ च्या जानेवारीत तंजावरचा रेसिडेंट बेंजामिन टोरिन याला लिहिले. मुलूख कंपनीकडे गेल्यावर छत्रांच्या इनामांचे काय होणार, ही चिंता त्याच्या मुळाशी आहे. आम्ही अर्ज, विनंत्या आणि टिप्पण्या यांत दिवस काढणारी माणसे. हे पत्र वाचताना अर्जदाराचा अदबीचा सूर आम्हांस लगेच ओळखू आला. परंतु त्या सुराखाली किती तपशील आहे! ब्राह्मणापासून अंत्यजापर्यंत, जोगी-बैरागी धरून, जो वाटसरू येईल त्यास शिजविलेले अन्न मिळते. मध्यरात्री घंटा वाजवून, ज्याचे जेवण राहिले असेल त्याने यावे, असा पुकारा होतो. चार वेदांसाठी चार अध्यापक, एक पंतोजी, आणि रोग, सूज व विषबाधा यांवर उपाय जाणणारे वैद्य छत्रात असतात. वाटेत पोरक्या झालेल्या मुलांस पंतोजीच्या हवाली करतात. त्यांस तीन वेळ अन्न, चार दिवसांनी एकदा तेलाचे अभ्यंग, वस्त्रे, विद्या आणि पुढे लग्नाचा खर्चही मिळतो. आजारी पडलेला प्रवासी बरा होईपर्यंत राहतो. मेला तर त्याच्या जातिधर्माप्रमाणे त्याचे क्रियाकर्म होते. तान्ह्या मुलांस दूध मिळते. गरोदर स्त्री वाटेत अडली तर तिचे बाळंतपण छत्रात होते आणि पुढे तीन महिने तिला तेथे राहता येते. अशा दानधर्मामुळेच तंजावरास धर्मराज्य म्हणतात, आणि हा मान आपण सर्वांत मोठा मानतो, असे राजा लिहितो.

हकीगत संपल्यावर सौभाग्यवती थोडा वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "तीन महिने म्हणजे अगदी बरोबर हो. हे राजाला कोणी सांगितले असेल?"

या प्रश्नास कोणत्याही ग्रंथात उत्तर नाही. पण आम्ही बसलो होतो ती वास्तू एका स्त्रीच्या नावाची होती.

पट्टुकोट्टै ओलांडल्यावर मुलूख पालटतो. जिकडे पाहावे तिकडे नारळीच. मात्र पुष्कळ बागांत झाडे एका उंचीची नाहीत. जुन्यांच्या मध्ये मध्ये कोवळी रोपे उभी आहेत. १६ नोव्हेंबर २०१८ च्या 'गजा' चक्रीवादळाने या पट्ट्यातील नारळी रात्रीत आडव्या केल्या. नारळ फळावर येण्यास वर्षे लागतात. ज्याच्या चार पिढ्यांनी झाडे लावली, त्याने पुन्हा पहिल्या पिढीपासून आरंभ केला, एवढाच त्याचा अर्थ. पुढे सेतुबावाछत्रम् नावाचे गाव लागले. या नावातील 'बावा' आणि 'छत्र' ऐकून आमच्या खोडीस खाद्य मिळाले हे सांगणे नलगे.

तिसऱ्या प्रहरी समुद्र दिसला. हा आपल्या कोकणचा समुद्र नव्हे. पाल्कच्या सामुद्रधुनीतील हे पाणी उथळ आणि संथ. लाटा किनाऱ्यावर येऊन आदळत नाहीत, नुसत्या टेकतात. येथील कोळी यास 'पेण्ण कडल', म्हणजे स्त्री-समुद्र, म्हणतात. पाण्याखाली सागरी गवताची कुरणे आहेत आणि ते गवत खाणारी समुद्रगाय, तमिळात 'कडल पसु', येथे अजून टिकून आहे. तिच्या रक्षणासाठी २०२२ मध्ये तंजावर व पुदुकोट्टै जिल्ह्यांच्या किनाऱ्यालगतचे ४४८ चौरस किलोमीटर क्षेत्र राखीव करण्यात आले. आम्हांस ती दिसली नाही. ती लाजाळू आहे. मल्लिपट्टिणमच्या बंदराकडे परतणाऱ्या होड्या दिसल्या, तेवढ्याने आमची तृप्ती झाली. काळोख पडेपर्यंत आम्ही वाळूत बसून राहिलो. घरभाडे, पुढली बदली, गावी एकट्या राहणाऱ्या आईची प्रकृती हे नित्याचे विषय त्या संध्याकाळी निघाले नाहीत. रात्री पट्टुकोट्टैस एका साध्या खानावळीत दहीभात खाऊन आम्ही निजलो.

रविवारी सकाळी पुन्हा किनाऱ्यावर येऊन मनोरा पाहिला. ज्या गावी तो आहे, त्याचे नाव शरभेंद्रराजपट्टिणम्. शरभेंद्र म्हणजे सरफोजीच. भोवती तट आणि खंदक, मध्ये षट्कोनी, आठ मजल्यांचा, सुमारे ७५ फूट उंचीचा बुरूज. प्रत्येक मजल्यास कमानदार खिडक्या आणि बाहेर आलेल्या पागोळ्या. डिसेंबर २००४ च्या सुनामीने त्याची हानी झाली, तरी तो उभा राहिला.

आता त्यावरील लेखाविषयी. मराठीसह पाच भाषांत तो कोरला आहे. त्याचा आशय असा की, इंग्रज सरकारचे मित्र व दोस्त महाराजा सरफोजी यांनी इंग्रजांच्या शस्त्रांचे यश आणि बोनापार्टचा पाडाव यांच्या स्मरणार्थ हा स्तंभ उभारला. साल १८१४. वॉटर्लूच्या विजयाचे हे स्मारक, असे सर्रास सांगितले जाते. परंतु वॉटर्लूची लढाई जून १८१५ मधली. लेखातील साल प्रमाण मानले तर हे स्मारक १८१४ च्या एप्रिलात नेपोलियनने प्रथम राज्यत्याग केला, त्या पाडावाचे ठरते. म्हणजे हा दगड लिहिला गेला तेव्हा नेपोलियनची कथा संपलीही नव्हती. आनंदोत्सवाची घाई राजाला होती.

खरे सांगावयाचे तर आम्हांस लाज वाटली. ज्या कंपनीने राज्य घेतले, तिच्या विजयाचा स्तंभ. आणि तोही हजारो कोसांवर, ज्याच्याशी तंजावराचे काही वैर नव्हते अशा शत्रूच्या पराभवाचा! आपल्या भाषेतला एक शब्द शोधीत एवढ्या दूर यावे आणि तो अशा स्थितीत सापडावा! सौभाग्यवतीने लेखाकडे पाहून विचारले, "काल तिथे घंटा वाजवून माणसे बोलावीत. इथे हा दगड लावून कोणाला बोलाविले होते?"

उत्तर उघड होते. हा दगड कोळ्यांसाठी नव्हता, यात्रेकरूंसाठीही नव्हता. तो रेसिडेंटने वाचावा आणि वर कळवावा म्हणून होता. आमच्या परिभाषेत बोलावयाचे तर ते आठ मजली टिपण होते.

परंतु तटाच्या सावलीत बसून दशम्या खाताना मनात सालांची जुळणी होऊ लागली. १७९९ त राज्य गेले. १८०१ त छत्रांसाठी पत्र लिहिले. १८०२ त मुक्ताम्बाळ छत्र उभे राहिले. त्याच दशकात राजाने देवनागरी खिळ्यांचा छापखाना चालविला आणि इसापाच्या गोष्टी मराठीत छापविल्या. सरस्वती महालात ग्रंथ जमविले, धन्वंतरी महालात औषधे सिद्ध केली. आणि १८१४ त हा मनोरा. हे सर्व एकाच माणसाचे काम आहे. त्यांपैकी एक वेगळे काढून त्यास मिंधा म्हणावे, की दुसरे वेगळे काढून ऋषी म्हणावे?

आम्हांस वाटते, ज्याच्या हाती सत्ता नाही त्याचा हिशेब धन्याला लिहिलेल्या मायन्यावरून मांडू नये; धन्यापाशी त्याने काय मागितले, यावरून मांडावा. १८०१ च्या पत्रात सरफोजींनी मुलूख परत मागितला नाही, तोफा मागितल्या नाहीत. मध्यरात्रीची घंटा बंद पडू नये, एवढे मागितले. मनोऱ्याचे शब्द हे त्या मागणीच्या वरचा मायना होते, असे समजावयास जागा आहे. अर्थात मायनाही अखेर माणूसच लिहितो आणि दगडावरचा मायना पुसता येत नाही. तेव्हा ती लाज अगदीच खोटी होती असेही आम्ही म्हणत नाही. ती असू द्यावी. तिच्या शेजारी छत्रही असू द्यावे.

परतताना तंजावरास दोन तास मोकळे मिळाले. बृहदीश्वराच्या प्राकारात नैर्ऋत्येच्या बाजूस भिंतीवर भोसले कुळाचा तो दीर्घ मराठी लेख आहे. सरफोजींच्या आज्ञेवरून तो १८०३ मध्ये कोरविला. लिहिणाऱ्याचे नाव बाबूराव, हुद्दा चिटणीस. म्हणजे आपल्याच पेशाचा माणूस! राज्य गेल्यानंतर चार वर्षांनी त्याने घराण्याची सारी हकीगत आपल्या भाषेत लिहून ठेवली आणि ती चोळांच्या देवळात, तमिळ शिलालेखांच्या शेजारी, जागा मिळवून बसली.

उन्हे कलली होती. शिलालेख नको म्हणणारी सौभाग्यवती बोट न लावता, पण बोटाने अक्षरे दाखवीत, एक ओळ मोठ्याने वाचू लागली. जवळून जाणारे एक तमिळ कुटुंब थांबले. त्यांतील आठ-नऊ वर्षांच्या मुलीने आपल्या आईस काही विचारले. आईने आमच्याकडे पाहिले आणि आम्हांस येत असलेल्या मोडक्या तमिळात आम्ही सांगितले की, ही आमची भाषा आहे, आणि ती येथे दोनशे वर्षांहून अधिक काळ आहे. मुलीने ती ओळ पुन्हा वाचावयास सांगितली. सौभाग्यवतीने ती वाचली.

तिरुचिरापल्लीची शेवटची गाडी त्यामुळे थोडक्यात चुकली असती. सोमवारी आम्ही वेळेवर कचेरीत होतो.