मुक्कामी गाडीचा हिशेब

एसटीच्या आधीच्या खासगी सर्व्हिस मोटारींची आठवण निघाली की आजी आधी एवढंच सांगायची, "मोटार भरली की सुटायची. घड्याळाचा काही संबंध नाही." तिचं माहेर पुणे-नगर रस्त्यावर, शिरूरच्या बाजूला. बाजाराच्या दिवशी दोन-तीन मोटारी उतारूंसाठी ओढाताण करायच्या आणि एरवी दुपार कलली तरी रस्ता मोकळाच. भाडं माणूस बघून ठरायचं. महायुद्धात पेट्रोल मिळेनासं झालं, तेव्हा मोटारीच्या मागे कोळशाची भट्टी आली. चढाला बाप्ये उतरून ढकलत आणि बायका डोळ्यांतली राख पुसत आत बसून राहत. १९३९ च्या मोटार कायद्यानं परवान्यांची शिस्त आणली होती, पण मोटार किती वाजता निघणार हे शेवटी मालकाच्याच मनावर होतं.

१ जून १९४८ ला त्याच रस्त्यावर पुणे ते नगर पहिली सरकारी गाडी, एसटी, धावली. बेडफर्ड कंपनीची, लाकडी बांधणीची, तीस आसनांची, निळ्या अंगाची आणि चंदेरी टपाची. आजीला मात्र रंगाबिंगाचं अप्रूप नव्हतं. निम्मी रिकामी असूनही गाडी सुटते, याचंच गावाला नवल वाटलं होतं, असं ती सांगायची. सार्वजनिक सेवेची याहून नेमकी व्याख्या मला आजवर सापडलेली नाही.

पुढे मामा त्याच एसटीत कंडक्टर लागला. खेड्यातले उतारू त्याला 'मास्तर' म्हणायचे. तिकिटांचा ट्रे, पंच, चामडी पिशवी आणि वेबिल, म्हणजे फेरीच्या हिशेबाचा कागद. टप्पा आला की प्रत्येक दराच्या गठ्ठ्याचा चालू नंबर वेबिलावर चढवायचा. कुठल्याही फाट्यावर तपासनीस गाडीत चढला, तर उतारू, तिकिटं आणि रोकड यांचा मेळ जागच्या जागी बसला पाहिजे. ड्रायव्हरचंही तसंच, एका लिटर डिझेलमध्ये किती किलोमीटर काढले ते नावानिशी लिहिलेलं. खासगी कंपन्या आज ज्याला कामगिरीचं मोजमाप म्हणतात, ते आगारात कागद-पेन्सिलीवर रोज होत होतं.

पण मामाच्या गोष्टी आकड्यांशी थांबायच्या नाहीत. एका आगारप्रमुखांबद्दल तो फार आदरानं बोलायचा. पहाटेची पहिली गाडी निघायच्या आधी ते फाटकाशी उभे असत. ड्रायव्हर म्हणाला, "साहेब, कालपासून गिअर अडकतोय," की फिटरला तिथंच हाक जाई. कुणाचं डिझेल जास्त लागलं, तर मेमो काढण्याआधी ते स्वतः त्या गाडीत बसून घाट चढून येत. दोष माणसाचा की पंपाचा, हे पाहिल्याशिवाय सही नाही. "म्हणून आम्ही खोटं लिहीत नव्हतो," मामा म्हणायचा. मला हे व्यवस्थापनाचं मर्म वाटतं. नोंद शिक्षेसाठीच वापरली, की लोक ती सजवायला लागतात. दुरुस्तीसाठी वापरली तर खरी लिहितात.

चुलत आजोबा किर्लोस्करवाडीला ओतकामात होते. त्यांच्या बोलण्यातही हेच यायचं, फक्त मालक खासगी. औंध संस्थानातल्या माळावर १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना वसवला. त्याआधी बेळगावात त्यांचा लोखंडी नांगर बराच काळ पडून राहिला होता, कारण लोखंडानं जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत. ते शेतकऱ्यावर चिडले नाहीत, नांगरच सुधारत गेले. मी स्वतः मात्र अशा एका खासगी कंपनीत नोकरी केली, जिथं वरचे साहेब शॉपफ्लोअरवर कधी उतरलेच नाहीत आणि अहवालातला प्रत्येक आलेख चढता होता. ती कंपनी आता नाही. तेव्हा खासगी म्हणजे शिस्त आणि सरकारी म्हणजे ढिलाई, ही वाटणी मला मान्य नाही.

एसटीही चुकांतून शिकत गेली. लाकडी बांधणी १९५६ मध्ये सोडून पूर्ण धातूच्या गाड्या आल्या, त्या गंजू लागल्या तेव्हा १९६० पासून ॲल्युमिनियम आलं. दापोडी, चिकलठाणा, हिंगणा इथल्या स्वतःच्या कार्यशाळांत गाड्या बांधल्या गेल्या. १९६८ मध्ये रातराणी सुरू झाली. हे सगळं सरकारी महामंडळानंच केलं.

आज एसटीबद्दल बोलताना तोंडात एकच शब्द असतो, तोटा. खासगी ट्रॅव्हल्स भरणाऱ्या रस्त्यांवरच धावतात, आणि धंदा म्हणून ते त्यांना शोभतं. एसटीला मात्र डोंगरातल्या वाडीवर मुक्कामी गाडी न्यावी लागते, रात्री तिथंच झोपून पहाटे दूधवाले आणि कॉलेजची पोरं घेऊन परतावं लागतं. या दोघींना एकाच ताळेबंदात तोलणं हा अन्याय आहे. ऑक्टोबर २०२१ ते एप्रिल २०२२ च्या संपात गाड्या उभ्या राहिल्या, तेव्हा शाळेसाठी मैलोगणती चालणाऱ्या मुलींनी हा हिशेब पायांनी केला. कुठल्याच ताळेबंदात तो उमटला नाही.

तोटा माफ करा, असं मी म्हणत नाही. डिझेल, सुटे भाग, गळती यांचा जाब घेतलाच पाहिजे, आणि तो जाब देता यावा म्हणून आगारप्रमुखाला अधिकार व पुरेशा गाड्याही दिल्या पाहिजेत. वाचकांना एक विनंती. पुढच्या वेळी जवळच्या आगारात गेलात तर वाहतूक नियंत्रकाला विचारा, आज ठरलेल्या फेऱ्यांपैकी किती सुटल्या, किती रद्द झाल्या आणि का. हा आकडा दर महिन्याला स्थानकाच्या फलकावर लावावा, अशी मागणी लेखी करा.