मासे साफ करणारे यंत्र आणि जातीचे हात

१९०३ साली अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील सिॲटल शहरात एडमंड स्मिथ या गृहस्थाने मासे साफ करणारे यंत्र तयार केले. सामन जातीचा मोठा मासा एका बाजूने घातला की यंत्र त्याचे डोके उडवी, पर व शेपूट कापी, पोट फाडून आतडी काढी आणि धुऊन दुसऱ्या बाजूने बाहेर टाकी. मिनिटाला साठाच्या आसपास मासे. हे काम त्यापूर्वी डझनावारी कसलेले हात सुरीने करीत. ते हात चिनी मजुरांचे होते. म्हणून यंत्राला नाव मिळाले 'आयर्न चिंक'. 'आयर्न' म्हणजे लोखंडी, आणि 'चिंक' ही गोऱ्या अमेरिकेने चिनी माणसाला दिलेली शिवी. माणसाला कामावरून काढले, आणि जाताना त्याला दिलेली शिवी मात्र यंत्राच्या अंगावर ठेवून घेतली. शोधांच्या इतिहासात असे बारसे क्वचितच झाले असेल.

मी कोल्हापूरचा. आमच्या शहराला समुद्र नाही. मासळी येते ती रत्नागिरी-मालवणकडून घाट चढून. तरीही या यंत्राचा इतिहास वाचताना तो मला परका वाटला नाही. ज्या समाजात काम आणि माणूस यांची गाठ जन्माने मारली जाते, तेथे यंत्र आल्यावर नेमके काय सुटते आणि काय तसेच राहते, हा प्रश्न आपला आहे. यंत्र येईल, घाणीचे काम यंत्र करील, मग अस्पृश्यतेला आधारच उरणार नाही, असे आपल्यातील अनेक शिकलेली माणसे भाबडेपणाने मानतात. त्यांच्यासाठी हा इतिहास मुद्दाम मांडतो आहे.

कोलंबिया नदीवर मासे डबाबंद करण्याचा पहिला कारखाना १८६६ साली उभा राहिला. पुढच्या काही वर्षांतच या धंद्यात चिनी मजूर आले. गोऱ्या कामगाराला रक्ताआतड्यांत हात घालायचे नव्हते. चिनी माणूस ठेकेदारामार्फत, हंगामापुरता, कमी पैशांत मिळत होता. मासे कापणे हे पाहणाऱ्याला हलके वाटले तरी मोठ्या कसबाचे काम होते. एक तरबेज माणूस दिवसाला हजारावर मासे साफ करी. पण कसब कितीही असो, ते ज्याच्या हातात आहे त्याची जात हलकी ठरली की कसबही हलके ठरते. हे आपल्याला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही.

१८८२ साली अमेरिकेने चिनी मजुरांना देशात येण्यास बंदी करणारा कायदा केला. प्रथम दहा वर्षांसाठी, १८९२ साली आणखी दहा वर्षांसाठी, आणि १९०२ साली कायमचा. परिणाम काय झाला? जुने कामगार म्हातारे होऊ लागले, नवे येईनात. माशांचा हंगाम तर थोड्या आठवड्यांचा. त्या दिवसांत मासा डोंगराएवढा येतो आणि साफ झाला नाही तर कुजतो. उरलेल्या हातांची किंमत वाढू लागली. स्मिथचे यंत्र आले ते नेमके पुढच्याच वर्षी. चिनी माणसाच्या बोटांना जखमा होतात, त्याच्या अंगाला वास मारतो, म्हणून कोणाला दया आली आणि यंत्र झाले, असे घडले नाही. तीस वर्षे तो वास कोणाच्या नाकाला गेला नव्हता. हात दुर्मिळ झाला, महाग झाला, तेव्हा लोखंडाची आठवण झाली. यंत्र घाण काढण्यासाठी येत नाही, मजुरी काढण्यासाठी येते. या लेखाचे सार एवढेच आहे.

पुढचा भाग अधिक बोलका आहे. यंत्राने मासा फाडला तरी आत चिकटलेले रक्त आणि बुळबुळ हातानेच काढावी लागे. त्या ओल्या टेबलाशी आता जपानी आले, मग फिलिपिनो आले. फिलिपिनो मजुरांनी १९३३ साली सिॲटलमध्ये आपली युनियन उभी केली आणि ठेकेदारीशी झुंज दिली. तरी उतरंड मोडली नाही. १९७४ साली अलास्कातील कारखान्यांच्या कामगारांनी कोर्टात फिर्याद केली. मासे साफ करण्याच्या टेबलावर बहुतेक फिलिपिनो आणि अलास्काचे मूळ रहिवासी. कारागिरीच्या आणि कचेरीच्या जागांवर बहुतेक गोरे. राहण्याच्या खोल्या वेगळ्या, जेवणाच्या पंक्ती वेगळ्या. १९८९ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात पाच विरुद्ध चार अशा मतांनी निकाल कामगारांच्या विरोधात गेला. यंत्र येऊन तोवर ८६ वर्षे झाली होती. पंक्तिभेदाला यंत्राने धक्का लावला नाही. यंत्राने खालच्या पायरीवरची माणसे बदलली, पायरी तशीच ठेवली.

आता आपल्या किनाऱ्याकडे या. कोळंबी सोलण्याचे यंत्र अमेरिकेतील लुइझियानात १९४० च्या दशकात तयार झाले. त्यानंतर कित्येक दशके आपल्या देशातून परदेशी गेलेली कोळंबी मुख्यतः बायकांच्या बोटांनीच सोलली गेली. केरळातल्या गरीब घरच्या मुली ठेकेदारामार्फत वेरावळ, तळोजा अशा दूरच्या ठिकाणी नेल्या गेल्या. किनाऱ्यावरच्या कोळी आणि इतर कष्टकरी जातींच्या बायका पहाटेपासून शेडमध्ये उभ्या राहिल्या. बर्फात बोटे बधिर होतात, कातडीची साले निघतात, मजुरी मिळते ती वजनावर. स्थलांतरित कामगारांसाठी १९७९ साली कायदा झाला; पण ठेकेदाराच्या वहीत ज्या मुलीचे धड नावही नसते, तिच्यापर्यंत कायदा कसा पोचणार?

यंत्र न येण्याचे एक खरे कारण आहे, ते मान्य केले पाहिजे. यंत्राला एकसारखा, एका मापाचा मासा लागतो. आपल्या जाळ्यात बांगडा, बोंबील, राणीमासा, मांदेली असे नाना आकाराचे मासे एकत्र येतात. पण कोळंबीच्या बाबतीत हे कारण पुरत नाही. तेथे कारण एकच, आणि ते म्हणजे बाईचा हात यंत्राच्या हप्त्यापेक्षा स्वस्त आहे. जेव्हा तो महाग होईल, तेव्हा यंत्र येईल. आणि त्या दिवशी तिला कोणी विचारणार नाही की बाई, तू आता काय करणार? घाणीतून सुटका आणि पोटावर पाय, दोन्ही एकाच दिवशी.

गटाराचे उदाहरण याहून उघडे आहे. हाताने मैला उचलण्याच्या प्रथेवर १९९३ साली आणि पुन्हा २०१३ साली कायद्याने बंदी आली. गटार उपसायला चंद्रावर जाण्याचे विज्ञान लागत नाही. तरी आजही माणसे आत उतरतात आणि गुदमरून मरतात. कारण उघड आहे. गटारात उतरणारा हात जातीने पुरवला आहे, आणि जात जे पुरवते ते जवळजवळ फुकट असते. फुकटाशी स्पर्धा करील असे यंत्र अजून कोणी बनवलेले नाही.

माझ्या शहराची गोष्ट सांगतो. कोल्हापूर हे यंत्रांचे गाव आहे. शिवाजी उद्यमनगरातील फौंड्रींनी तेलावर चालणारी इंजिने ओतली, शेतीला आणि गुऱ्हाळाला लागणारी अवजारे घडवली. फारसे न शिकलेल्या मिस्त्र्यांनी परदेशी यंत्र उघडून पाहिले आणि तसेच दुसरे उभे केले. याच शहरात कातडी कमावणारा ढोर समाज चुन्याच्या कुंडात उघड्या पायांनी उतरत होता, बाभळीच्या सालीचे आणि हिरड्याचे पाणी कातड्याच्या शिवलेल्या पिशवीत भरून ती टांगत होता. त्या कातड्यावर चांभाराची रापी आणि आरी चाले, आणि जगात नाव काढणारी चप्पल तयार होई. क्रोमने कातडे झटपट कमावण्याची रीत अमेरिकेत १८८४ साली निघाली होती. मोठमोठे ढोल फिरवून ती चालते. ज्या शहराच्या मिस्त्र्यांना इंजिन जमले त्यांना ढोल जमला नसता काय? माझ्या आजोबांची उमर कुंडात गेली. उद्यमनगर तेथून पायी जाण्याच्या अंतरावर होते. अंतर रस्त्याचे नव्हतेच.

आणि समजा ढोल आला असता, तर डाग गेला असता काय? याचे उत्तरही कोल्हापूरच्याच इतिहासात आहे. राजर्षी शाहू महाराजांच्या पागेत गंगाराम कांबळे नोकरीला होते. पाण्याच्या हौदाला शिवले म्हणून सवर्ण नोकरांनी त्यांना मारले. महाराजांनी मारणाऱ्यांना शासन केले आणि गंगारामांना चहाचे हॉटेल काढून दिले. हॉटेल स्वच्छ, चहा उत्तम, गिऱ्हाईक येईना. तेव्हा महाराज स्वतः भर रस्त्यात गाडी थांबवून तेथला चहा पिऊ लागले, बरोबरच्यांनाही पाजू लागले. चहात कोणती घाण होती? आतडी नव्हती, चुना नव्हता, मेलेले ढोर नव्हते. विटाळ कामात नव्हता, हातावर लादलेला होता. काम यंत्राने केले म्हणून तो जात नाही, आणि काम निर्मळ आहे म्हणूनही जात नाही. महाराजांनी हे ओळखले होते. म्हणून त्यांनी १९१८ साली संस्थानातील महार वतन रद्द केले, म्हणजे जन्म आणि काम यांची गाठच कापली.

बाबासाहेबांचा मार्गही हाच. १९२७ साली महाडला त्यांनी मृत मांस सोडण्यास सांगितले, तेव्हा कोणत्याही यंत्राची वाट पाहिली नाही. ढोरे ओढण्याचे सोडले तर शिंगे, कातडी, हाडे यांचे उत्पन्न बुडेल, असा हिशेब मांडणारे विद्वान तेव्हा निघाले होते. १५ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी त्यांचा समाचार घेतला. नफा एवढा असेल तर तो तुम्हीच का घेत नाही, हा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. आधी नकार, मग पर्याय. हात मागे घेतल्याशिवाय हाताची किंमत कळत नाही.

म्हणून मी यंत्राचा शत्रू आहे असे कोणी समजू नये. बाबासाहेब यंत्राचे पुरस्कर्ते होते. गांधीवादाची चिकित्सा करताना त्यांनी १९४५ साली स्पष्ट मांडले की यंत्र माणसाला फुरसत देते आणि फुरसतीशिवाय संस्कृती नाही. दोष यंत्राचा नाही, ते मूठभरांच्या हाती देणाऱ्या समाजरचनेचा आहे. १९४७ साली त्यांनी मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत अशी मागणी केली, तिचे मूळही येथेच आहे.

तेव्हा कारखान्याच्या दारात मासे साफ करणारे यंत्र उतरेल त्या दिवशी आपण टाळ्याही वाजवू नयेत आणि दगडही मारू नयेत. आपण विचारावे: हे चालवायला कोणाला शिकवणार? टेबलाशी उभ्या असलेल्या बाईला की बाहेरून आणलेल्या पोराला? वाचलेल्या मजुरीतला वाटा कोणाचा? तिच्या झिजलेल्या बोटांचा औषधपाणी आणि पेन्शन कोण देणार? केरळात २०१८ साली तरुण अभियंत्यांनी गटार साफ करणारा यंत्रमानव आणला, तेव्हा गटारात उतरणाऱ्या माणसांनाच तो चालवायला शिकवण्याचा विचार पुढे आला. म्हणजे हे होऊ शकते. मागितले तर होते. न मागता मिळते ते एवढेच, की हातातली सुरी जाते आणि शिवी तेवढी राहते.