माजघराच्या भुईखाली

गेल्या आश्विनात, पाऊस नुकताच सरला होता तेव्हा, राजापूर तालुक्यातल्या आमच्या घरात माजघराची फरशी उखडायला घेतली. नवी जमीन घालायची होती आणि तिच्याखाली काय भरायचं ते ठरत नव्हतं. गवंड्याने पहार लावली. मधल्या लाद्या निघाल्या तशी खालची माती हाताला चिकटू लागली, गारढोण आणि ओली. देवघराच्या कोपऱ्यात मात्र १९८८ साली लाद्या घालताना जुनी भुई खणायची राहून गेली होती. तिथे तिची कापलेली कड उघडी पडली. ती कोरडी ठणठणीत होती.

मी उकिडवा बसून ती कड पाहत राहिलो. वरच्या बोटभर जाडीत केसासारख्या रेघा होत्या, एक तपकिरी, एक काळपट, पुन्हा तपकिरी. नख लावलं की पापुद्रा सुटायचा. आंब्याचं साठ घालताना वाळलेल्या रसावर पुन्हा रस ओततात, तसं सारवणावर सारवण चढलेलं होतं. काळ्या रेघा आजीच्या. सणावाराला ती करवंटीचा कोळसा वाटून शेणकाल्यात घालायची, आणि ती जमीन दिव्याच्या उजेडात मऊ चमकायची. पापुद्र्यांखाली वीतभर चोपलेली तांबडी माती, तिच्याखाली मुरूम, आणि सगळ्यांत खाली, चिऱ्याच्या जोत्याच्या पोटात, नारळाएवढे दगड नुसते रचलेले. गवंड्याने त्यांच्या फटीत पहारीचं टोक घातलं तर ते सरळ आत गेलं. "काका, खाली पोकळ आहे," तो म्हणाला. ते पोकळ मुद्दाम ठेवलेलं होतं.

मातीला पाणी वर ओढायची खोड असते; दिव्याच्या वातीत तेल चढतं तसं. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, तेव्हा जमिनीखाली चार महिने पाणीच असतं. सुट्या दगडांच्या मोठ्या फटींतून ते वर चढू शकत नाही. हवेपेक्षा पाण्यातून उष्णता वीसपटीहून अधिक वेगाने जाते, म्हणून ओल अडली की निम्मं गारठणं तिथेच अडतं. उबेसाठी वेगळं काही न घालता जुन्या माणसांनी भुई कोरडी ठेवली, आणि ती उबदार राहिली. उरलेलं काम पाट, घोंगडी, गोधडी करायची. देशावरच्या वाड्यांतही वरच्या मजल्याला तुळयांवर किलचा आणि त्यांच्यावर मातीचा जाड थर असे; उकाडा आणि पावलांचा आवाज दोन्ही त्यात जिरत.

जमीन करणं हे दिवाळीनंतरचं काम. पुरुष धुमसाने भराव ठोकायचे. पुढचं सगळं बायकांचं. माती भिजवून पसरायची, थोडी आवळली की लाकडी चोपण्याने चोपायची, उन्हं कलल्यावर पुन्हा चोपायची, तडा दिसला की पाणी शिंपडून पुन्हा. तळहात टेकला आणि ठसा उठला नाही की नदीतल्या गोट्याने घोटायला घ्यायची. एका खोलीला आठ-दहा दिवस जात, आणि शेजारपाजारच्या बायका एकमेकींकडे आळीपाळीने जात. ही विद्या कुणी कागदावर लिहून ठेवलेली मी पाहिली नाही. म्हणून तिला कुणी विद्याही म्हटलं नाही, याचं मला वाईट वाटतं.

मातीच्या भुईची पत गेली त्याची एक सुरुवात प्लेगमध्ये आहे. १८९६ साली मुंबईत आणि पुढच्या वर्षी पुण्यात साथ आली, तेव्हा लागण झालेल्या घरांतल्या मातीच्या जमिनी खणून काढत, औषधाने धूत. उंदरांवरच्या पिसवा रोग पसरवतात हे पॉल-लुई सिमों यांनी १८९८ मध्ये कराचीत प्रयोग करून दाखवलं. मातीच्या भुईत उंदीर बिळं करतात हे खरंच आहे, त्यामुळे तो संशय निराधार नव्हता. पण तेव्हापासून शेणामातीची जमीन म्हणजे रोगट, गरिबीची, असं जे मनात बसलं ते साथ ओसरली तरी गेलं नाही. १९२२ मध्ये फिरोजशा सिधवा यांनी भारत टाइल्सचा कारखाना काढला. पुढे मुंबईच्या घरांत रंगीत नक्षीच्या सिमेंटच्या लाद्या दिसू लागल्या, आणि गिरणीतून सुटीला येणारा चाकरमानी त्या डोळ्यांत साठवून गावी यायचा. शहाबादी फरशी देशावर रेल्वेने कधीच पोचली होती. कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली १९९८ मध्ये. तोवर आमच्याकडे दगड ट्रकने घाट उतरून यायचा आणि महाग पडायचा.

आमच्या वडिलांनी १९८८ साली मोझेकच्या लाद्या घातल्या. हौसेने, पै-पै साठवून. लादी चिकटवण्याआधी मजुरांनी जुनी भुई उकरली, खालचे दगड गड्यांना बांधासाठी दिले आणि परसातली माती भरून टाकली. पहिल्याच जूनला फरशीला घाम फुटला. दमट हवा गार लादीवर टेकली की तिचं पाणी होतं. सारवलेली भुई ते पिऊन टाकायची, लादी ते वर धरून ठेवते. आजीने त्या पावसाळ्यात घोंगडीखाली दुसरी घोंगडी घातली. गुडघे धरून ती ओटीवर झोपायला जायची आणि वडिलांना एक शब्द बोलायची नाही.

या खेपेला मला कुणी थर्मोकोलच्या जाड पाट्या घालायला सांगितलं. उष्णता अडवण्यात ग्रॅनाइटच्या पन्नासपटीहून सरस, हे मान्य. पण मुंग्या आणि उंदीर त्यात घरं करतात, आणि आमच्या हवेत थंडीपेक्षा ओल मोठी. शेवटी ओली माती सगळी उपसली. हातभर सुटे दगड, वर चाळलेली खडी, जाड प्लास्टिकचा कागद आणि पातळ कोबा. बाकी खोल्यांना वर फरशी. माजघरात मात्र कोब्यावर वीतभर मातीच घ्यायची ठरवली.

चोपायला वाडीतली एक काकू आली, सत्तरीपुढची. घरात तिचं चोपणं उरलं नव्हतं, म्हणून सुताराकडून फणसाचं नवं करवून घेतलं. तिने ते हातात तोललं, दांडा बोटभर कापून आणायला लावला आणि मग कामाला बसली. सहाव्या दिवशी देवघराच्या कोपऱ्याशी, जुन्या आणि नव्या भुईच्या सांध्यावर, ती बराच वेळ गोटा फिरवत होती. उठताना म्हणाली, "इथं चार दिवस कुणी पाय देऊ नका. जुनी माती नवीला अजून धरते आहे."