कडेची माणसे

अंधेरी-गोरेगावच्या व्हीएफएक्स स्टुडिओंत काम करणाऱ्या मुलांना ‘काय करतोस?’ म्हणून विचारले, तर बरेच जण एका शब्दात उत्तर देतात, ‘रोटो.’ चित्रीकरणातल्या हलत्या माणसाभोवती प्रत्येक फ्रेममध्ये रेघ ओढायची आणि त्याला मागच्या दृश्यापासून सुटे करायचे, हे ते काम. शब्द मात्र शंभर वर्षांपूर्वीच्या न्यू यॉर्कचा, आणि तो निघाला होता कष्ट वाचवण्यासाठी.

मॅक्स फ्लायशर यांनी डिसेंबर १९१५ मध्ये ‘रोटोस्कोप’च्या पेटंटसाठी अर्ज केला, ते १९१७ मध्ये मिळाले. चित्रफितीची एक फ्रेम मागून काचेवर पाडायची, पुढून कागदावर गिरवायची, मग फीत एक घर पुढे सरकवायची. मॅक्स यांचा भाऊ डेव्ह विदूषकाच्या कपड्यांत नाचला आणि त्यातून ‘कोको’ हे पात्र उभे राहिले. पहिल्या छोट्याशा प्रयोगालाच जवळपास वर्ष गेले, असे सांगतात. कष्ट वाचवणारे यंत्र ते हेच!

फ्लायशरना रेघ हवी होती; माणूस टाकून दिला तरी चालत होते. दोन दृश्ये जोडणाऱ्यांची गरज नेमकी उलटी. त्यांना माणूसच हवा असतो, रेघ दिसली की काम फसले. त्यासाठी आकृतीच्या आकाराचा काळा ठसा लागतो, म्हणजे ‘मॅट’. पार्श्वभूमी छापताना तो ठसा फिल्मवर माणसापुरती जागा कोरी राखतो. दुसऱ्या खेपेला उलट ठसा लावून त्या जागेत माणूस छापायचा. वस्तू स्थिर असेल तर कापलेला एक पुठ्ठा पुरतो. माणूस चालू लागला की पुठ्ठ्यानेही चालायला हवे. असा चालता ठसा फोटोग्राफीनेच तयार करण्याचे पेटंट फ्रँक विल्यम्स यांना १९१८ मध्ये मिळाले, आणि हाताचे काम संपले असे वाटावे अशी स्थिती आली.

ते संपले नाही, हे बघायचे तर १९३३ चा ‘द इन्व्हिजिबल मॅन’ पाहावा. सदरा चालतो, आत माणूस नाही. जॉन फुल्टन यांनी नटाला डोक्यापासून पायापर्यंत काळ्या मखमलीत गुंडाळले, वर दिसायचे तेवढे कपडे चढवले आणि काळ्या मखमलीच्याच सेटवर उभे केले. डोक्यावर पाणबुड्यासारखे काळे टोप, श्वासाला नळ्या. काळ्यावर काळे दिसत नाही, कपडे तेवढे उमटतात. त्या चित्रावरून ठसे काढायचे. युक्ती देखणी आहे. पण नटाला दिसावे म्हणून टोपाला डोळ्यांची भोके होती, आणि ती कॅमेऱ्यालाही दिसली. मग कुंचला आणि गडद रंग घेऊन ती फिल्मवरच एकेक करून बुजवली. अशा हातकामातून सुमारे ४,००० फूट फिल्म गेल्याचे फुल्टन यांनीच लिहिले आहे. पस्तीस मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात १६ फ्रेम. म्हणजे ६४,००० चित्रे, प्रत्येक बोटाच्या पेरात मावेल एवढे. फुल्टन यांचे नाव चित्रपटाच्या इतिहासात पक्के आहे. कुंचले धरणारे कोण होते, त्यांचे डोळे पुढे कसे राहिले, याला त्या इतिहासात ओळसुद्धा नाही. मला ही उणीव लहान वाटत नाही.

संगणक आल्यावर कागदाच्या जागी वळणदार रेघ आली. काही फ्रेममध्ये ती बसवली की मधल्या जागा यंत्र भरते. केस आणि वेगाने हलणारा हात मात्र माणसालाच सोडवावे लागतात. २०१० च्या ‘क्लॅश ऑफ द टायटन्स’ला त्रिमिती करण्याचे काम प्राइम फोकस या मूळच्या मुंबईच्या कंपनीकडे आले. सपाट चित्राला खोली द्यायची तर आधी माणूस, ढाल, खडक सगळे वेगवेगळे कापावे लागते. जगभरचे असे काम पुढे भारतातल्या स्टुडिओंत येत राहिले.

मीही घरी एक पाच सेकंदांचा तुकडा घेऊन बसलो होतो : गच्चीत कपडे वाळत घालणारी बायको, वारा सुटलेला. १२० फ्रेम. हात, पदर, चेहरा, वेणी यांच्या वेगळ्या रेघा. सहा संध्याकाळी गेल्या. चालवून पाहिले तर वेणीची कड अजून थरथरत होती. ‘हे कुणाला दिसणार आहे?’ तिने विचारले. मी सातव्या संध्याकाळी पुन्हा पहिल्या फ्रेमवर गेलो.